वाक्य न देणारे मिस्त्री

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, भाताच्या रोवणीच्या दिवसांत, वडशाजवळच्या एका बांधीत, म्हणजे भातखाचरात, जुन्या ट्रॅक्टरची हायड्रोलिक लिफ्ट बसली आणि वर उचललेला कल्टिव्हेटर चालकाच्या डाव्या पायावर आला. चालक त्या वेळी फाळांत गुंतलेले गवत काढत होता. हा ट्रॅक्टर आदल्या दिवशी दुरुस्तीसाठी नेला होता आणि दुरुस्त न होता परत आला होता. तो परत पाठवणारे मिस्त्री लिफ्टच्या कामासाठी आसपासच्या तालुक्यांत प्रसिद्ध होते.

त्यांचे आवार वडशाहून ब्रम्हपुरीकडे जाणाऱ्या रस्त्याला होते. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला मी राहत असे. नागपूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवणे हे माझे काम होते. आवारात टिनाची शेड होती, मोहाचे झाड होते आणि झाडाखाली दोन बाकडी व एक लाकडी खुर्ची होती. खुर्चीवर मिस्त्री बसत, पांढरा सदरा आणि पांढरा पायजमा घालून. गॅरेजमध्ये पांढरे कपडे हा थट्टेचा विषय होता. मिस्त्रींचे म्हणणे असे, की मशीन उघडणाऱ्याचे कपडे मळतात, आणि मशीन उघडावी लागली याचा अर्थ आधी नीट विचारले नाही.

ट्रॅक्टरच्या मागचा नांगर किंवा कल्टिव्हेटर तेलाच्या दाबावर उचलला जातो. जुन्या ट्रॅक्टरमध्ये गिअरचे आणि लिफ्टचे तेल एकच असते. ते कमी झाले, त्यात पाणी गेले, तेलाची जाळी तुंबली किंवा आतली रबरी रिंग कापली गेली, की लिफ्ट उचलत नाही, झटके देते, नाहीतर उचललेले वजन आपोआप खाली सोडते. या शेवटच्या प्रकाराला तिकडे लिफ्ट 'बसते' म्हणतात. बिघाड वेगवेगळे असले तरी बाहेरून ते सारखेच दिसतात. इतर मिस्त्री झाकण खोलून शोधत. हे मिस्त्री विचारत.

कधीपासून होते, त्याच्या आधी काय झाले आणि कोणी हात लावला, एवढेच ते विचारत. उत्तरात एक शब्द त्यांना चालत नसे.

"अचानक बसाले लागली जी," असे कोणी म्हटले, की ते खुर्चीवर मागे टेकत.

"अचानक काई होत नाई. घरी जा, आठव, मंग ये."

आणि खरेच परत पाठवत. आरमोरीपलीकडून आलेला माणूसही त्यांनी असा परत पाठवल्याचे मी पाहिले आहे. तो शिव्या देत गेला आणि दोन दिवसांनी आठवून आला. त्याच्या भाच्याने जत्रेला जाताना उचललेल्या कल्टिव्हेटरवर दोस्त बसवून नेले होते.

ही विचारपूस सर्वांसमोर होई. बाकड्यांवर बसची वाट पाहणारे बसत, समोर चहावाली बाई असे, शेडमधला कारागीर पाने खाली ठेवून ऐके. एकदा कुरखेड्याकडचा एक शेतकरी आला. त्याची लिफ्ट रिकामी असली तर उठे, नांगर लावला की उठत नसे.

"याच्या पह्यले काय झालं?" मिस्त्रींनी विचारले.

"काई नाई जी. ऑईल बदललं, बस."

"कोनं बदललं?"

"मीनंच."

"आतून पुसलं का नाई?"

"पुसलं ना. चकचक केलं."

"कायनं?"

शेतकरी टोपी काढून झटकू लागला. मिस्त्रींनी घाई केली नाही. शेवटी चहावाल्या बाईनेच रस्त्यापलीकडून विचारले, "काऊन गा, सांग ना. कायनं पुसलं?"

"जुनं लुगडं होतं."

"कोनाचं?" मिस्त्री.

"आता कोनाचं राहीन? घरच्याच बाईचं."

"रंग कोनता?"

"हिरवा."

मिस्त्रींनी कारागिराला फक्त जाळी काढायला सांगितले. जाळीला हिरव्या सुताचा गुंता बसला होता. बाकड्यांवर हशा झाला. शेतकऱ्याने हात जोडले. "घरी नोका कळू देऊ जी. ते अजून लुगडं शोधूनच राह्यली."

लुगड्याचा रंग विचारण्याची दुरुस्तीसाठी गरज नव्हती. तो प्रश्न बाकड्यांसाठी होता.

मिस्त्रींच्या पत्नी म्हणत, "घरी बी असंच आहे. भाजी खारट झाली त विचारते, याच्या पह्यले काय झालं." हे त्या मिस्त्रींसमोर म्हणत, आणि मिस्त्री त्यावर म्हणत, "मंग काय झालं होतं?"

थंडीत वडशाला झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम असतो. मिस्त्री त्या दिवसांत एका मंडळीचे प्रॉम्प्टर असत. नाटकाची वही हातात घेऊन पडद्याआड उभे राहायचे आणि नट अडला की वाक्य सांगायचे, हे प्रॉम्प्टरचे काम. मिस्त्रींची ख्याती वाक्य न देण्याबद्दल होती. दुपारच्या तालमीत मी हे एकदा पाहिले. नायकाचे काम करणारा तरुण एका जागी अडला आणि पडद्याकडे मान वळवून म्हणाला, "भाऊ, वाक्य द्या ना."

"तुझ्यापाशीच आहे," मिस्त्री म्हणाले.

"नाई आठवत जी."

"आठवन. उभा राह्य."

तो उभा राहिला. नायिका कंटाळून खाली बसली, तबलजी चहाला जाऊन आला. नटाला वाक्य आठवले, आणि त्या हंगामात तो तिथे पुन्हा अडला नाही. काही मंडळ्यांनी या सवयीमुळे मिस्त्रींना बोलावणे बंद केले होते. ज्या मंडळीने ठेवले होते तिच्या मालकाचे म्हणणे वेगळे होते. "याच्या भेवानं पोट्टे पाठ तरी करतेत," तो म्हणे.

मिस्त्रींचा आणखी एक नियम होता. वर उचललेल्या कोणत्याही वस्तूखाली ऐनाच्या लाकडाचा ठोकळा लावल्याशिवाय हात किंवा पाय घालायचा नाही. कारागिराने एकदा ठोकळा न लावता नांगराखाली हात घातला, तेव्हा मिस्त्रींनी त्याला दिवसभरासाठी घरी पाठवले होते. गिऱ्हाईक ट्रॅक्टर घेऊन निघाले की ते मागून ओरडून सांगत, "ठोकळा लावजो बे."

अपघाताच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर आवारात आला तेव्हा त्याच्यावर दोघे होते. एक चालक. तो नदीकाठच्या मासेमारी करणाऱ्या कुटुंबातला, तिशीतला, चालवण्यात हुशार. दुसरा, मडगार्डवर बसलेला, मालकाचा साळा, म्हणजे मेहुणा. मालकाची वडशात राइस मिल होती. तो महिनाभर नागपूरला उपचारासाठी गेला होता आणि शेतीचे सगळे साळ्याकडे सोपवून गेला होता. या मालकाने आधीच्या चालकाला न विचारता ट्रॅक्टर बाहेर नेल्याबद्दल कामावरून काढले होते. हे बाकड्यांवरच्या प्रत्येकाला माहीत होते.

"काय होऊन राह्यलं?" मिस्त्रींनी विचारले.

"लिफ्ट बसते जी," चालक म्हणाला. "थंडी असली त धरते. गरम झाली का खाली येते."

"कधीपासून?"

"झाले काई दिवस."

मिस्त्री उठले. त्यांनी तेल मोजायची पट्टी काढून तिच्यावरचे तेल चहाच्या बशीत निथळवले. तेल पांढरट होते, ताकासारखे. त्यांनी ते दोन बोटांत चोळले, मग एक थेंब तापलेल्या सायलेन्सरवर सोडला. थेंब तडतडला. तेलात पाणी गेल्याची ती खूण. बोटांना लागलेले बारीक कण त्यांनी उन्हात धरून पाहिले. ती रेती होती. बांधीच्या चिखलात अशी रेती नसते. मिस्त्री यातले काही बोलले नाहीत. हे त्यांनी मला नंतर सांगितले.

"याच्या पह्यले काय झालं?"

"काई नाई."

"टॅक्टर कुठी गेला होता?"

"बांधीतच."

"बांधीतच?"

चालकाने साळ्याकडे पाहिले. साळा मडगार्डवरून उतरला होता. "काय म्हनते?" त्याने विचारले.

"अचानक झालं भाऊ," चालक साळ्याला म्हणाला. "चांगली चालत होती. अचानक बसाले लागली."

मिस्त्रींनी बोटे फडक्याला पुसली आणि ते खुर्चीवर जाऊन बसले. "बरं. जा मंग."

"जा म्हंजे?" साळा म्हणाला. "बांधीत पऱ्हे उपटून पडले आहेत. रोवाले बाया आल्या आहेत. आज नाई झालं त उद्या पऱ्हे पिवरे पडतीन."

"हा सांगन तवा आना."

"काय सांगन?"

"त्यालेच विचारा."

साळ्याने विचारले. चालक म्हणाला, "मले काई मालूम नाई." त्याने हे दोनदा म्हटले. बाकड्यांवरून एक जण म्हणाला, "पाह्य, आता वाक्य आठवते का." काही जण हसले. मिस्त्री थोडे हसले. साळा शिवी देऊन मडगार्डवर चढला आणि ट्रॅक्टर निघाला.

चालकाला बाजूला नेऊन विचारता आले असते. मिस्त्री कोणालाच बाजूला नेत नसत.

चहावाली बाई बशी घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "भाऊ, त्या साळ्यासमोर तो कसा सांगन?"

"खरं सांगाले कोनाचं भेव?"

"तुमाले नाई," ती म्हणाली. "त्याले आहे."

निघताना मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे ठोकळ्याचे सांगितले की नाही, याबद्दल दोन मते आहेत. कारागीर म्हणतो सांगितले. साळा म्हणतो नाही. चहावाल्या बाईला इंजिनच्या आवाजात ऐकू आले नाही. मी मिस्त्रींना विचारले तेव्हा ते म्हणाले, "आठवत नाई." एखादी गोष्ट आठवत नाही असे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले.

दुसऱ्या दिवशी जे झाले ते रोवणीला आलेल्या बायांनी पाहिले. चिखलणी चालू होती. फाळांत गवत गुंतले, चालकाने कल्टिव्हेटर उचलला, इंजिन बंद केले आणि खाली उतरला. ठोकळा नव्हता. लिफ्ट आधी थोडी धरून राहिली, मग सरळ खाली आली. पाण्याबरोबर आत गेलेल्या रेतीने रबरी रिंग कापली होती, हे नंतर लिफ्ट उघडल्यावर दिसले. चालकाला गडचिरोलीला नेले. पायाचा पुढचा भाग काढावा लागला. टाच राहिली.

मी फोनवरून चार ओळींची बातमी दिली. ती छापून आली तेव्हा तिच्यात 'लिफ्ट अचानक खाली आल्याने' असे होते. तो शब्द नागपूरला घातला गेला होता. मिस्त्री अंक घेऊन माझ्याकडे आले. त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवले.

"हा काढता येते का?"

छापलेला शब्द काढता येत नाही, खुलासा देता येतो, असे मी सांगितले.

"मंग खुलासा द्या."

"काय लिहू?"

त्यांनी अंकाची घडी घातली. "लिवा, का मिस्त्रीले मालूम होतं."

मी तसे लिहून पाठवले. नागपूरहून विचारणा झाली की पोलिसांत तशी नोंद आहे का. नव्हती. खुलासा छापला गेला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मिस्त्री गडचिरोलीला गेले. मी बरोबर होतो. दुपारची वेळ होती. चालक भिंतीला टेकून बसला होता, पायावर चादर होती. मिस्त्रींनी मोसंबीची पिशवी खाली ठेवली.

"दुखते का?"

"दुखते ना." चालकाने त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिले. "बसा भाऊ. आता विचारा."

"काय?"

"तेच. कधीपासून, याच्या पह्यले काय झालं, कोनं हात लावला. आता इथी साळा नाई, मालक नाई. तुमचे बाकडे बी नाईत. विचारा, सांगतो मी."

मिस्त्री मोसंबी सोलत होते. त्यांनी सोललेल्या फोडी कागदावर मांडल्या. "जेवन कुठून येते?" त्यांनी विचारले.

"बहीन आनते." चालकाने चादर पायावर सारखी केली. मग म्हणाला, "काऊन जी, नाई विचारत? त्या दिवशी त मोठे विचारून राह्यले होते."

मिस्त्रींनी विचारले नाही. कागद त्याच्या हाताजवळ सरकवून ते उठले. परतीच्या बसमध्ये ते एकच वाक्य बोलले. "कलच डाव्याच पायानं दाबा लागते."

त्या हिवाळ्यापासून आवारातली पद्धत बदलली. ट्रॅक्टर आला की मिस्त्री म्हणत, "लावा तिकडे, खोलू." गिऱ्हाईक सांगू लागले तरी ते हाताने थांबवत. जाळी साफ करून भागेल तिथे पूर्ण लिफ्ट उतरवली जाई. पूर्वी तासाभरात होणारे काम दोन-तीन दिवस चाले. सदरा मळू लागला, मग त्यांनी खाकी कपडे शिवून घेतले. काही शेतकऱ्यांना प्रश्नांपासून सुटका झाल्याचे बरे वाटले, पण रोवणीच्या दिवसांत तीन दिवस थांबणे कोणाला परवडत नव्हते. हळूहळू ट्रॅक्टर ब्रम्हपुरीला जाऊ लागले. बाकड्यांवर बसची वाट पाहणारे तेवढे उरले.

नाटकांतही असेच झाले. नट श्वास घ्यायला थांबला तरी पडद्याआडून वाक्य येई. नायकाचे काम करणाऱ्या त्या तरुणाने तालमीत वैतागून म्हटले, "मले बोलू त द्या भाऊ. मले येते." पुढच्या हंगामात मंडळीने दुसरा प्रॉम्प्टर घेतला.

उन्हाळ्यात राइस मिलच्या मालकाने नवा ट्रॅक्टर घेतला आणि जुना गिऱ्हाईक मिळेपर्यंत मिस्त्रींच्या आवारात उभा केला. मिस्त्रींनी त्याची लिफ्ट उघडली, धुतली, नवी रिंग टाकली. मग त्यांनी क्लचच्या पेडलला एक लोखंडी दांडा जोडला. दांडा डाव्या हाताशी वर येत होता आणि मागे ओढला की क्लच दबत होता. पहिला दांडा वाकला. दुसरा जाड होता, पण ओढायला जड गेला. तिसऱ्याला त्यांनी लांबी वाढवली आणि टोकाला रबरी मूठ बसवली. स्वतःचा डावा पाय मडगार्डवर ठेवून ते आवारात ट्रॅक्टर चालवून पाहत. चहावाली बाई म्हणाली, "भाऊ, नाटकाचं सोंग काढून राह्यले का?" ते दांडा पुन्हा ओढून पाहू लागले.

मालकाकडून त्यांनी शब्द घेतला. त्या चालकाला जमत असेल तर येत्या चिखलणीला त्याने हाच ट्रॅक्टर चालवावा, मग विकायचे पाहू. मालक हो म्हणाला.

चालक तेव्हा नदीपलीकडे बहिणीच्या गावी राहत होता. मला त्या गावच्या तलावातल्या मासेमारीची बातमी करायची होती. मिस्त्री माझ्या स्कूटरवर मागे बसले. चालक बहिणीच्या ओसरीत जाळे विणत होता. शेजारी काठी होती.

"कलच हातानं लागते आता," मिस्त्री म्हणाले. "मी चालवून पाह्यलं."

"हातानं कलच दाबू त स्टेरिंग कोनं धरन?"

"थांबूनच त गिअर टाकाचा आहे. तवा स्टेरिंग कोनाले लागते?"

चालकाने जाळ्याची गाठ ओढली. "अन् मालक?"

"हो म्हनला."

"लिफ्ट?"

"नवी रिंग आहे. सायंकारी नांगर उचलून ठेवला होता, सकारी तिथीच होता."

चालकाने यावर मान हलवली. त्याला ते पटल्यासारखे दिसले. इतक्यात बहीण चहा घेऊन आली. काहीतरी बोलायचे म्हणून मिस्त्री तिला म्हणाले, "घर चांगलं थंडं आहे बाई."

"कवेलू नवे आहेत ना जी," ती म्हणाली. "मांगच्या पावसाच्या सुरुवातीले यानंच आनून देल्ले, टॅक्टरवर. जुने सारे फुटले होते, लेकरं घेऊन मी कुठी राहू? येताना नाल्याले पूर आला. टॅक्टर अर्धा पान्यात. सायंकारपर्यंत तिथीच उभा. मी म्हनलं, गेला आता याचा टॅक्टर बी अन् काम बी."

चालक तिच्याकडे पाहत होता. ती बोलत राहिली. "मले म्हने कोनाले सांगू नोको, मालक काढून टाकन. आता काय त्याचं. आता कोन काढते?"

मिस्त्रींनी वर पाहिले. छपराखाली कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, ओळी सरळ होत्या. त्यांनी चहा पूर्ण प्यायला आणि कप उलटा ठेवला.

"चांगले बसले कवेलू," ते म्हणाले.

"हो," चालक म्हणाला.

निघताना तो काठी घेऊन फाटकापर्यंत आला. "येतो मी," तो म्हणाला. "चिखलनीच्या पह्यले येतो, भाऊ. पाहू कसा लागते तो दांडा."

त्या पावसाळ्यात मिस्त्रींनी ट्रॅक्टर तयार ठेवला. दर आठवड्याला तो सुरू करून आवारात फिरवत, चाकांत हवा भरून घेत. विकत घ्यायला कोणी आले तर लिफ्टचा भरवसा नाही असे सांगत. लिफ्ट नीट होती. चिखलणी सुरू झाली आणि संपली. रोवण्या आटोपल्या. चालक आला नाही. निरोपही आला नाही. मिस्त्री पुन्हा त्या गावाला गेले नाहीत. मी जाऊन येऊ का, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "नको. त्याले विचारल्यासारखं होईन."

धान कापणीनंतर मालकाने दलालामार्फत ट्रॅक्टर विकला. दलालाने तो कोरपन्याकडे, कापसाच्या शेतीसाठी दिला. नेताना दलालाच्या माणसाने दांडा काढून टाकू का विचारले. मिस्त्री म्हणाले, "राहू दे. कोनाले तरी लागन."

त्यांनी पुढे दोन-तीन वर्षे आवार चालवले. नंतर ते बल्लारपूरला मुलीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. चालक बहिणीच्या गावीच राहिला. तो तलावात डोंग्यातून जाळे टाकतो. डोंगा वल्हवायला पाय लागत नाही, असे त्याने मला सांगितले. ट्रॅक्टर पाहायला का आला नाही हे मी विचारले. "येनार होतो," तो म्हणाला. "एकदा नदीपर्यंत आलो बी होतो." मग तो जाळ्याचा गुंता सोडवू लागला.

काही वर्षांनी सिमेंट कारखान्यांच्या रस्त्याची बातमी करायला मी कोरपना तालुक्यात गेलो होतो. एका गावाबाहेर तो ट्रॅक्टर शेताच्या धुऱ्याला, बांधाच्या कडेला, उभा होता. रंग नवा होता, नंबर तोच होता. चालक एक तरुण होता, दोन्ही पाय धड असलेला. क्लचजवळचा तो दांडा कशासाठी आहे, असे मी त्याला विचारले.

"का मालूम जी," तो म्हणाला. "आमी घेतला तवापासूनच आहे."

दांड्याच्या रबरी मुठीला त्याने जेवणाची पिशवी अडकवली होती.